सोडियम जास्त ते रान भुसभुशीत, कमी ते चोपण: असं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. पंढरपूर तालुक्यात भीमेच्या काठाला तीन एकर भारी काळं रान आहे, कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि त्यामागून ज्वारी. दुसरं रान सांगोल्याच्या अंगाला माळावर, मध्यम खोलीचं, विहिरीच्या पाण्यावर ठिबकनं डाळिंब. दोन्हीचं माती परीक्षण झालंय. काळ्या रानाचा सामू 8.6, ईसी (विरघळलेले क्षार दाखवणारी विद्युतवाहकता) 0.28, सीईसी (माती किती धनभारित आयन धरू शकते ते, किलोमागे सेंटिमोलमध्ये) 56, विनिमयी सोडियमचा त्यातला टक्का म्हणजे ईएसपी 9, मुक्त चुना 8 टक्के. माळाच्या रानाचा सामू 8.3, ईसी 1.1, सीईसी 24, ईएसपी 12. ईएसपी 15 च्या वर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडून पाणी न मुरणारी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावर दोन्ही रानं पास. तरी काळ्या रानात पाऊस झाला की गढूळ पाणी दोन-दोन दिवस उभं राहतं, वर खपली धरते, ज्वारी विरळ उगवते. माळावर सोडियम जास्त असून पाणी दिल्या दिल्या जिरतं. दुकानदार म्हणतो दोन्हीकडे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाका. टाकायचं का, किती, आणि माळाला कालव्याच्या पाण्याची जोडणी मिळतेय ती घ्यावी का?

दादा, तुमचे दोन्ही अहवाल चुकलेले नाहीत, पण ते फक्त ईएसपीच्या रकान्यावरून वाचले गेलेत. माती विखुरणार की एकत्र राहणार हे तीन गोष्टींच्या मेळावर ठरतं: चिकणमातीच्या कणाला कोणता आयन चिकटलाय, ती चिकणमाती कोणत्या जातीची आहे, आणि तिच्या भोवतीच्या पाण्यात क्षार किती आहेत. तिसरी गोष्ट बहुतेकजण सोडून देतात. तुमच्या दोन रानांमधला सगळा फरक बहुतांशी तिथेच आहे.

आधी कणाकडे बघू. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट जातीची, दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झालेली. तिचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे. प्रत्येक पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो आणि तो भागवायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम असे धनभारित आयन, म्हणजे कॅटायन, त्याला धरून बसतात. हे आयन पाण्यातल्या आयनांशी अदलाबदल होऊ शकतात, म्हणून त्यांना विनिमयी म्हणायचं. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो पापुद्र्याला घट्ट चिकटतो आणि शेजारच्या पापुद्र्यालाही जवळ ठेवतो. त्यामुळे पापुद्रे भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक बसून राहतात. सोडियमवर एकच भार. शिवाय तो स्वतःभोवती पाण्याचं जाड वेष्टण घेऊन फिरतो, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागापासून लांब, सैलसर ढगासारखा पसरतो. दोन पापुद्र्यांचे असे ढग एकमेकांना भिडले की ते एकमेकांना ढकलतात. चळत सुटते, पापुद्रे पाण्यात सुटेसुटे तरंगतात, आणि तेच तुम्हाला गढूळ पाणी म्हणून दिसतं. पाणी उतरलं की हे सुटे कण वरच्या छिद्रांमध्ये जाऊन बसतात आणि खपली होते.

स्मेक्टाइटमध्ये आणखी एक खोड आहे. सोडियम थोडा असला तर तो चळतीच्या आत सगळीकडे सारखा वाटला जात नाही. आत कॅल्शियमच राहतो आणि सोडियम बाहेरच्या पृष्ठांवर गोळा होतो. म्हणजे अख्ख्या मातीत सोडियम 7-8 टक्केच असला तरी चळतीच्या बाहेरच्या अंगाला तो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि शेजारच्या चळतीशी गाठ पडते ती बाहेरच्याच अंगाची. म्हणून काळ्या मातीत सोडियमचे पहिले काही टक्केच सगळ्यात जास्त नुकसान करतात. 15 ची वाट बघत बसलात तर निचरा त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो.

आता पाण्याकडे या. भोवतीच्या पाण्यात क्षार भरपूर असले की तो सोडियमचा ढग दाबला जातो, पापुद्र्याजवळ येतो, आणि पापुद्रे एकमेकांना ढकलण्याऐवजी चिकटतात. पाणी गोडं झालं की ढग पुन्हा पसरतो. 1955 मध्ये इंग्लंडातल्या रोथॅम्स्टेड शेती संशोधन केंद्राच्या क्वर्क आणि स्कोफील्ड यांनी हेच दाखवून दिलं: प्रत्येक ईएसपीला पाण्यातल्या क्षारांची एक किमान मर्यादा असते, त्याच्या वर माती एकत्र राहते, खाली गेलं की पाणी मुरणं मंदावतं आणि आणखी खाली गेलं की कण विखुरतात. ईएसपी जितका जास्त, तितकी ही मर्यादा वर.

सोलापूरच्या शेतकऱ्याला याचा अर्थ फार सरळ आहे. विहिरीचं पाणी खारं असेल तर उन्हाळाभर जमीन बरी दिसते. पाणी मुरतं, कुळव नीट चालतो. मग पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यात थेंबांचा मारा. वरचे दोन बोटं मातीतले मोकळे क्षार खाली धुऊन जातात, पण कणाला चिकटलेला सोडियम तसाच राहतो. एका रात्रीत रान चोपण वाटायला लागतं. सोडियम आधीपासूनच होता. त्याला गप्प ठेवणारे क्षार तेवढे निघून गेले. आपल्याकडे रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाच्या आगेमागे असते, म्हणून नेमका त्याच वेळी हा फटका ज्वारीच्या उगवणीवर बसतो.

तुमच्या काळ्या रानाचा ईसी 0.28 आहे. म्हणजे ते कालव्याच्या गोड्या पाण्यानं आधीच धुतलेलं रान आहे. 9 टक्के सोडियम तिथे मोकळा सुटलाय. माळाच्या रानाचा ईसी 1.1 आहे. आपल्या प्रयोगशाळा हा ईसी एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात, म्हणजे मुळांच्या भोवतीच्या खऱ्या ओलाव्यात क्षार त्याच्या कितीतरी पट असतात. तिथे 12 टक्के सोडियम दबून बसलाय.

ईएसपी 15 चा आकडा कुठून आला हेही सांगतो, कारण त्यावर फार विश्वास टाकला जातो. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या अमेरिकी क्षारता प्रयोगशाळेनं 1954 मध्ये हस्तपुस्तिका काढली, त्यातला तो आकडा. तिथल्या चाचण्यांत वापरलेल्या पाण्यात मुळातच थोडे क्षार होते. ऑस्ट्रेलियात जवळजवळ गोड्या पाण्यानं मोजल्यावर त्यांनी मर्यादा 6 धरली. दोघांच्या प्रयोगात चूक नाही, पाणी वेगळं होतं. आपल्या काळ्या मातीवर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी विदर्भातल्या पूर्णा खोऱ्यात काम केलं, तेव्हा ईएसपी 5 च्या आसपासच पाणी खाली जाण्याचा वेग घसरलेला आढळला. म्हणून काळ्या, चुनखडीच्या, गोड्या पाण्यावरच्या रानाला मी 5 हीच रेघ धरतो. त्याच संशोधनात दुसरी बाजूही दिसली: ज्या काळ्या मातीत कॅल्शियमयुक्त झिओलाइट हे खनिज आहे तिथे सोडियम बराच वाढूनही निचरा टिकतो, कारण झिओलाइट हळूहळू कॅल्शियम सोडत राहतं. तेव्हा आकडा एकच धरून सगळ्या महाराष्ट्राची रानं मोजायची नाहीत.

हे सगळं घरी बघता येतं, आणि कोणतंही जिप्सम विकत घेण्याआधी ते बघाच. ऑस्ट्रेलियाच्या एमर्सन यांनी 1967 मध्ये ही साधी चाचणी मांडली. गॅरेजमधून बॅटरीचं पाणी (बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी, ॲसिड नव्हे) आणा किंवा स्वच्छ भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी घ्या. काचेचे तीन पेले मांडा. पहिल्यात बॅटरीचं पाणी, दुसऱ्यात तुम्ही त्या रानाला देता ते पाणी, तिसऱ्यात जिप्समचं पाणी: लिटरभर बॅटरीच्या पाण्यात चमचाभर जिप्सम ढवळून, रात्रभर ठेवून वरचं निवळ घ्यायचं. रानातून वरच्या थरातलं सुकलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ प्रत्येक पेल्यात अलगद सोडा. ढवळू नका, टेबल हलवू नका.

काळं ढेकूळ पाण्यात पडलं की लगेच बारीक बुडबुडे सुटतात, कडेनं तुकडे निखळतात आणि मिनिटभरात त्याचा छोटा ढीग होतो. इथेच लोक घाबरतात. हे फुटणं आहे, विखुरणं नव्हे. आतली हवा दाबली गेली आणि ढेकूळ फुटलं, इतकंच. ढीग झाला तरी पाणी काचेसारखं स्वच्छ असेल तर माती उत्तम आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात उन्हानं भेगाळलेलं रान पहिल्या पावसात आपोआप भुसभुशीत होतं ते याच गुणामुळे. विखुरणं दिसतं ते नंतर. दहा मिनिटांनी ढिगाच्या पायथ्याशी डोळा नेऊन बघा: पेल्याच्या तळाला करडट, दुधाळ कडा पसरतेय का? दोन तासांनी परत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. कडा फक्त तळाला असेल तर थोडं विखुरणं, अख्खा पेला गढूळ होऊन ढेकळाच्या जागी फक्त रेतीचे दाणे उरले तर पूर्ण विखुरणं.

मग तिन्ही पेले शेजारी ठेवून बघा. माझा अंदाज सांगतो. काळ्या रानाचं ढेकूळ बॅटरीच्या पाण्यात गढूळ होईल, कालव्याच्या पाण्यात थोडं कमी, जिप्समच्या पाण्यात स्वच्छ. माळाचं ढेकूळ तुमच्या विहिरीच्या पाण्यात स्वच्छ राहील. बॅटरीच्या पाण्यातही पहिल्यांदा ते कमी गढूळ होईल, कारण ढेकळातले क्षार त्या पाण्यात उतरतात. म्हणून माळाच्या मातीची आणखी एक पायरी करा: ते ढेकूळ बॅटरीच्या पाण्यात पडू द्या, अर्ध्या तासानं वरचं पाणी अलगद ओतून टाका, नवं बॅटरीचं पाणी भरा, असं दोन-तीनदा करा. पाऊस जे करतो तेच तुम्ही पेल्यात केलंत. तिसऱ्या पाण्याला ते गढूळ झालं, तर त्या रानाचं पुढचं भविष्य तुम्हाला आत्ताच दिसलं.

ढेकूळ सुकं असताना विखुरत नसेल तर वाफशापेक्षा थोड्या जास्त ओल्या मातीची गोळी बोटांनी मळून तीच चाचणी करा. पुष्कळ माती शांत ठेवली तर टिकते आणि मळली की विखुरते. अशा रानात ओल असताना रोटाव्हेटर घालणं म्हणजे स्वतःच्या हातानं कण सुटे करणं. सोडियम मध्यम असलेल्या रानात निम्मं नुकसान चुकीच्या ओलीत केलेल्या मशागतीचं असतं, हे मी ठामपणे सांगेन. वाफसा येऊ द्या, मगच औजार घाला.

आता सोडियमखेरीज बाकीच्यांचं. मॅग्नेशियमवरही दोन भार आहेत, म्हणून तो कॅल्शियमसारखाच चांगला, असं मानलं जातं. तसं नाही. त्याच्याभोवती पाण्याचं वेष्टण कॅल्शियमपेक्षा मोठं, त्यामुळे पकड कमी. मातीचे कण एकत्र आणण्याची ताकद सोडियमची 1 धरली तर पोटॅशियमची साधारण 1.8, मॅग्नेशियमची 27 आणि कॅल्शियमची 45 अशी धरतात. ऑस्ट्रेलियातल्या रंगसामी यांनी यावरून पाण्याचा एक निर्देशांक मांडला, त्यात सोडियमसोबत पोटॅशियमचा 0.56 हिस्सा विखुरणाऱ्यांच्या बाजूला आणि मॅग्नेशियमचा फक्त 0.6 हिस्सा कॅल्शियमच्या बाजूला धरतात. आपला पाषाण मॅग्नेशियमयुक्त असल्यानं आपल्या मातीत आणि विहिरींच्या पाण्यात मॅग्नेशियम कमी नसतो. खालच्या थरात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबरीला आले असतील तर ईएसपी 5-6 वरही निचरा बिघडू शकतो. तुमच्या अहवालात दोन्ही वेगवेगळे दिलेले नाहीत. पुढच्या वेळी मागून घ्या.

पोटॅशियमचा मुद्दा आपल्या जिल्ह्याला लागू आहे, कारण इथे साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या पुष्कळ. स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे आसवनीच्या सांडपाण्यात, पोटॅश भरपूर असतो आणि तो फुकट किंवा स्वस्तात रानात येतो. ठरलेल्या मापात, पातळ करून, पावसाच्या आधी मातीत मुरायला वेळ ठेवून वापरला तर ऊस जोमात येतो. पण वर्षानुवर्षं एकाच रानात टँकर रिकामे होत राहिले तर विनिमयी पोटॅशियमचा टक्का वर जातो. सोडियमइतका तो विखुरत नाही, पण कॅल्शियमची जागा खातोच. सुरुवातीला त्यातले क्षार जमिनीला एकत्र धरतात म्हणून काही दिसत नाही, दिसतं ते क्षार धुऊन गेल्यावर. ज्यांनी हे पाणी बराच काळ घेतलंय त्यांनी ईएसपीसोबत विनिमयी पोटॅशियमचा टक्काही तपासावा.

मातीची जात बदलली की हेच आयन वेगळे वागतात. कोकणातल्या जांभ्या मातीत केओलिनाइट चिकणमाती आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात. तिथला सामू आम्ल, कणांच्या कडांवर धन भार, त्यामुळे कडा आणि पृष्ठ एकमेकांना ओढतात; शिवाय लोहाची ऑक्साइडं कणांना सांधून ठेवतात. त्या मातीला सोडियमचं फारसं भय नाही. उत्तरेत गंगेच्या खोऱ्यातल्या ऊसर, म्हणजे सोडियमनं नापीक झालेल्या, जमिनींत अभ्रकाच्या जातीची इलाइट चिकणमाती असते. तिच्या कडा खडबडीत, पापुद्रे नीट एकावर एक बसत नाहीत, म्हणून शुद्ध चिकणमाती घेऊन मोजलं तर सोडियमयुक्त इलाइट एकत्र आणायला सोडियमयुक्त स्मेक्टाइटपेक्षा तिप्पट-चौपट क्षार लागतात. म्हणजे विखुरण्यात इलाइट पुढे. पण स्मेक्टाइट विखुरण्याबरोबर फुगतेही, आणि फुगून छिद्रं आतूनच बंद करते. आपल्या काळ्या रानात दोन्ही संकटं एकत्र येतात. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेनं ऊसर जमिनीसाठी बसवलेली जिप्समची मापं म्हणूनच डोळे झाकून इथे आणता येत नाहीत.

अहवाल वाचताना दोन गोष्टी मात्र प्रयोगशाळेला विचारा. पहिली: विनिमयी सोडियम काढताना पाण्यात विरघळलेला सोडियम वजा केलाय का? खाऱ्या मातीत तो वजा केला नाही तर ईएसपी फुगतो. तुमच्या माळाच्या 12 मधले तीन-चार टक्के असे फुगलेले असतील, असा मला दाट संशय आहे. दुसरी: सीईसी स्वतंत्र मोजलीय की चारही आयनांची बेरीज करून काढलीय? चुनखडीच्या मातीत अमोनियम ॲसिटेटचं द्रावण थोडा चुनाही विरघळवतं. तो कॅल्शियम बेरजेत आला की सीईसी वाढते आणि ईएसपी खोटा कमी दिसतो. 8 टक्के चुना असलेल्या तुमच्या काळ्या रानात खरा आकडा 9 पेक्षा जास्त असू शकतो. एका रानाचा आकडा वर सरकलेला, दुसऱ्याचा खाली. मग तुलना कशी जमणार?

आता जिप्समचा हिशोब. एक एकर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन साधारण 800 टन. त्यात प्रत्येक किलो मातीमागे एक सेंटिमोल सोडियम बदलायला सुमारे 700 किलो शुद्ध जिप्सम लागतं. काळ्या रानाची सीईसी 56. ईएसपी 9 वरून 5 वर आणायचा म्हणजे 4 टक्के, म्हणजे 2.24 सेंटिमोल. शुद्ध जिप्सम एकरी 1,570 किलोच्या आसपास. बाजारातलं जिप्सम 70 टक्के शुद्ध धरलं तर सव्वादोन टन, आणि काही कॅल्शियम मॅग्नेशियमच्या जागी खर्च होतो म्हणून अडीच टन धरा. माळाची सीईसी 24. फुगवटा काढून ईएसपी 8 धरला तर 3 टक्के, म्हणजे 0.72 सेंटिमोल. शुद्ध जिप्सम एकरी फक्त 500 किलो. ईएसपीच्या रकान्यात माळ वाईट दिसतो, पण जिप्सम काळ्या रानाला कितीतरी जास्त लागतं, कारण सोडियम धरून ठेवणारी जागाच तिथे दुप्पट-अडीचपट आहे. दोन्हीकडे सारख्या गोण्या टाकायला सांगणाऱ्यानं सीईसी बघितलेलीच नाही.

काळ्या रानात हे अडीच टन दोन वर्षांत विभागून द्या. पहिला हप्ता मृगाच्या आधी, आणि तो खोल नांगरून गाडू नका. वरच्या चार बोटं थरात कुळवानं मिसळा, थोडं पृष्ठभागावरच राहू द्या. जिप्सम दोन कामं करतं: कॅल्शियम देऊन सोडियम हटवतं हे एक, आणि पावसाचं पाणी मातीवर पडता पडता त्यात क्षार सोडून कणांना विखुरू देत नाही हे दुसरं. दुसरं काम त्याच दिवशी सुरू होतं, पण त्यासाठी जिप्सम वर हवं. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, म्हणून ते एका पावसात संपत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. पण हटवलेला सोडियम रानाबाहेर गेला पाहिजे. भीमेकाठच्या सखल रानात पाणी जायला वाट नसेल तर आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, मग जिप्सम. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या, रानात टाकलेलं जिप्सम म्हणजे वाया गेलेले पैसे.

तुमच्या काळ्या रानात 8 टक्के चुना आहे. त्याच 800 टन मातीत हा चुना एकरी साठ टनांहून जास्त होतो. एवढा कॅल्शियम रानातच असून माती उपाशी, कारण 8.6 सामूला चुना पाण्यात उतरतच नाही. उलट कोरड्या हवामानात पाण्यातला कॅल्शियम चुना होऊन खाली बसत जातो आणि कणावर सोडियम-मॅग्नेशियमचा वाटा आपोआप वाढतो. पाणी वाईट नसलेली काही रानंही म्हणून हळूहळू चोपण होतात. या चुन्याला उठवायचे दोन मार्ग. एक गंधक: जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुना विरघळवतं आणि रानातच जिप्सम तयार होतं. एक किलो गंधक म्हणजे जवळपास साडेपाच किलो जिप्सम. पण याला ऊब, ओल आणि काही महिने लागतात, म्हणून पेरणीच्या पावसाला ते उपयोगी पडत नाही. दुसरा मार्ग मला जास्त प्रिय आहे: जिवंत मुळं आणि कुजणारा पाला. मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मातीतल्या पाण्यात मिसळला की चुना थोडा थोडा विरघळतो. धैंचा ही चोपण सोसणारी वनस्पती. उसाचा खोडवा मोडल्यावर धैंचा पेरा, फुलोऱ्याच्या आधी गाडा. पाचट जाळू नका. ती वर पसरली की पावसाच्या थेंबाचा मारही चुकतो आणि खाली गांडुळं, बुरशी कामाला लागतात. सल्फिटेशन पद्धतीच्या साखर कारखान्याची प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) मिळाली तर घ्या, तिच्यात गंधकही असतं. शेणखत घालताय ते चांगलंच, पण सोडियम तसाच ठेवून नुसतं शेणखत वाढवलं तर चोपण फिटत नाही.

ज्वारीच्या उगवणीसाठी तातडीचा उपाय वेगळा. पेरणीनंतर पाऊस होऊन खपली धरली तर ती पूर्ण वाळून कडक होण्याआधी, अंगावर ओल असतानाच हलकी काटेरी फळी किंवा दातेरी अवजार फिरवून फोडा. कोंब खपलीखाली वाकडा होऊन पिवळा पडला की मग काही उपयोग नाही.

आता कालव्याच्या जोडणीचं. घ्या, पण लगेच सोडू नका. माळावर विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं सोडियम दाबून ठेवलाय. त्यावर एकदम गोडं पाणी सुरू केलं तर तुमचं हे भुसभुशीत रान दोन हंगामांत काळ्या रानासारखं वागायला लागेल. आधी विहिरीच्या पाण्याचा अहवाल काढा. त्यात आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट, बघा: 1.25 च्या आत असेल तर ठीक, 2.5 च्या वर असेल तर ते पाणी कॅल्शियमला चुना करून खाली बसवतंय. असं पाणी पाटानं द्यायचं असेल तर ते जिप्समच्या थरावरून वाहू द्या. अडीच इंची एका पाळीला, आरएससीच्या प्रत्येक एककामागे एकरी साधारण 22 किलो शुद्ध जिप्सम हा हिशोब. ठिबकमध्ये न विरघळलेलं जिप्सम जाऊ देऊ नका, तोट्या बुजतील. तिथे ते खोडापासून लांब, ओलीच्या वर्तुळात मातीवर टाका.

पावसाळ्याआधी माळावर एकरी 700 किलो बाजारी जिप्सम पसरून घ्या. पावसाळा संपल्यावर ठिबकच्या ओलीच्या वर्तुळातून आणि त्याच्या बाहेरून वेगवेगळे नमुने घ्या, 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटरचेही वेगळे, कारण ठिबकमध्ये क्षार ओलीच्या कडेला जमतात आणि सगळं एकत्र केलेला नमुना काहीच सांगत नाही. त्याच मातीची ढेकळं कालव्याच्या पाण्याच्या पेल्यात टाका. पाणी दुसऱ्या दिवशीही स्वच्छ असेल तर आधी दोन भाग विहीर, एक भाग कालवा असं मिसळून वर्षभर द्या, मग प्रमाण उलटं करा. गढूळ झालं तर जोडणीचा पाइप टाकून ठेवा, पण वाल्व्ह आणखी एक पावसाळा बंद ठेवा.